निरोपाची पोच : संदेशवाहक संगणकप्रणालीच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास

अठराव्या शतकात उज्जैन हे शिंद्यांच्या कारभाराचे मुख्य ठाणे होते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ते ग्वाल्हेरला हलविले. तोवर उज्जैनहून पुण्यास जाणारी पत्रे जासुदांबरोबर रवाना होत आणि नर्मदा व तापी ओलांडून, सहाशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून पेशव्यांच्या दप्तरी दाखल होत. जुन्या दप्तरांतील पुष्कळ पत्रांवर मजकुराखेरीज एक लहानशी नोंद आढळते. तिला 'पैवस्ती' म्हणत. पत्र ज्या दिवशी हाती आले ती तारीख घेणाऱ्या कचेरीतील कारकून पत्रावरच टिपून ठेवी. उत्तर लिहितानाही अमुक तारखेचे पत्र पावले असे प्रथम लिहून मगच पुढील मजकुरास हात घातला जाई. पत्र लिहिले गेले, पत्र रवाना झाले, पत्र पोचले आणि पत्रातील काम झाले, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत हे त्या कारकुनास पक्के ठाऊक होते.

आज त्याच उज्जैन शहरात १९५७ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, १९६६ साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि शिंदेशाहीच्या काळापासून तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे पदवीनंतरच्या ज्या अनेक प्रमाणपत्र परीक्षा असतात, त्यांपैकी एका विषयाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. मोठ्या संस्थांतील संगणकांच्या आज्ञावली एकमेकींना जे निरोप धाडतात, ते सांभाळून पोचविणाऱ्या मध्यस्थ प्रणालीवर काम करण्याची पात्रता या परीक्षा तपासतात. इंग्रजीत या प्रणालीला 'मेसेजिंग मिडलवेअर' असे म्हणतात. विषय नवा असला तरी त्यातील मुख्य अडचण जुन्या कारकुनाच्या ओळखीची आहे. ती म्हणजे, या क्षणी निरोपाची जबाबदारी कोणाकडे आहे?

हा प्रश्न केवळ परीक्षार्थींचा नाही. खेड्यातील शेतकरी मोबाइलवरून पैसे पाठवितो आणि ते त्याच्या खात्यातून वजा होतात, परंतु समोरच्या खात्यात जमा होत नाहीत, तेव्हा वाटेत कोठेतरी एका निरोपाची पोच हरवलेली असण्याचा संभव असतो. असे प्रसंग घडतात हे मान्य करूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला. यू. पी. आय. द्वारे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली रक्कम अशी अडकल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत झाली पाहिजे, आणि त्यापुढे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसामागे शंभर रुपये भरपाई दिली पाहिजे, असा तो नियम आहे. ग्राहकांस हा नियम माहीत असावा. अभियंत्यास मात्र तो प्रसंग मुळातच का उद्भवतो हे माहीत असावे लागते.

मध्यस्थाची गरज

उदाहरणादाखल असे समजू की, उज्जैनच्या एका महाविद्यालयाला एका विद्यार्थिनीच्या १,२०० रुपये शिष्यवृत्तीचा आदेश भोपाळ येथील बँकेच्या संगणकाकडे पाठवावयाचा आहे. महाविद्यालयाच्या आज्ञावलीने बँकेच्या आज्ञावलीशी थेट संधान बांधले, तर दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असणे, मधील तार शाबूत असणे आणि बँकेस त्या क्षणी सवड असणे, या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. दूरध्वनीचे असेच असते. पलीकडे कोणी उचलला नाही तर निरोप आपल्यापाशीच राहतो.

टपालाची रीत निराळी आहे. पत्र पेटीत पडले की लिहिणारा आपल्या कामास मोकळा होतो. मध्यस्थ प्रणाली म्हणजे संगणकांसाठी उघडलेली टपालकचेरीच होय. महाविद्यालयाची आज्ञावली तिच्याकडे आदेश सोपविते. कचेरी तो नोंदवून ठेवते. बँकेचे यंत्र बंद असेल तर ते चालू होईपर्यंत थांबते आणि मग आदेश त्याच्या स्वाधीन करते. नर्मदेला पूर आला म्हणजे पैलतीरी जावयाची पत्रे अलीकडे थांबून राहत आणि पाणी उतरले की पुढे जात, तसाच हा प्रकार आहे. तथापि टपालकचेरी मध्ये आली की जबाबदारीचे एकाऐवजी दोन सांधे निर्माण होतात. पहिला पाठविणारा आणि कचेरी यांच्यामध्ये, दुसरा कचेरी आणि घेणारा यांच्यामध्ये. या परीक्षेतील निम्मा अभ्यास या दोन सांध्यांचाच आहे.

रणदिवे आणि माहितीची बस

या क्षेत्राच्या प्रारंभीच्या इतिहासात एक मराठी नाव ठळकपणे येते. विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ साली मुंबईत झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. संगणकाच्या पेटीत एक सामाईक विद्युतमार्ग असतो. त्यास 'बस' म्हणतात, आणि त्यावर कोणतीही नवी पट्टी खोचली की ती इतर सर्व पट्ट्यांशी बोलू लागते. येथे बस म्हणजे एस. टी. ची गाडी नव्हे, हे सांगितलेले बरे. यंत्राच्या पोटात जे साधते ते निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये का साधू नये, हा रणदिवे यांचा मूळ विचार होता.

तो प्रथम उपयोगी पडला तो न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना. भाव, बातम्या आणि आकडे तेथे निरनिराळ्या पुरवठादारांकडून निरनिराळ्या यंत्रांवर येत, आणि व्यापारी एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे पाहत बसे. माहितीच्या बसमुळे ते सर्व एका मार्गावर आले. ज्यास ज्या विषयाची माहिती हवी त्याने तेवढीच मागावी, आणि ती कोणाकडून आली याची चौकशी करण्याचे त्यास कारण पडू नये, अशी योजना होती. या योजनेची शास्त्रीय मांडणी करणारा निबंध डेल स्कीन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९३ साली संगणकशास्त्रज्ञांच्या एका प्रतिष्ठित परिषदेत सादर केला. जी यंत्रणा दिवसरात्र चालते, जी थांबविता येत नाही, परंतु जिच्यात नवी भर मात्र सतत घालावी लागते, तिची रचना कशी असावी, हा त्या निबंधाचा विषय होता. बँक, रेल्वे वा वीजमंडळ यांच्याशी ज्याचा संबंध आला आहे त्या अधिकाऱ्यास हा प्रश्न परका वाटणार नाही.

१९९४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने टेकनेक्रॉन विकत घेतली. १९९७ साली रणदिवे यांनी टिब्को ही कंपनी स्थापन केली. 'द इन्फर्मेशन बस कंपनी' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाले आहे. तिचे एक मोठे विकासकेंद्र पुढे पुण्यात उभे राहिले. २०१४ साली ही कंपनी व्हिस्टा या गुंतवणूकसंस्थेने घेतली, आणि २०२२ पासून ती क्लाउड सॉफ्टवेअर ग्रुप या समूहात आहे. याच काळात इतरही प्रणाली पुढे आल्या. आय. बी. एम. ची एम. क्यू. प्रणाली १९९३ सालची आहे, रॅबिट एम. क्यू. २००७ सालची, आणि काफ्का ही प्रणाली २०११ साली सर्वांसाठी खुली झाली. प्रस्तुत लेखात टिब्कोची एंटरप्राइज मेसेज सर्व्हिस, संक्षेपाने ई. एम. एस., हीच प्रणाली मुख्यत्वे उदाहरणासाठी घेतली आहे. तत्त्वे बहुतांशी इतरत्रही लागू पडतात.

ई. एम. एस. ही जावा मेसेज सर्व्हिस नावाच्या सामाईक नियमावलीवर आधारलेली आहे. ही नियमावली प्रथम १९९८ साली निघाली. तिची १.१ ही आवृत्ती २००२ ची आणि २.० ही २०१३ ची आहे. पुढे ती जकार्ता मेसेजिंग या नावाने चालू राहिली. उमेदवाराने आरंभापासूनच वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे सामाईक नियमावलीतील गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे टिब्कोने स्वतः जोडलेल्या गोष्टी. कोणती सोय सर्वत्र मिळते आणि कोणती केवळ या प्रणालीत, हे विचारणारे प्रश्न फसवे असतात, आणि ज्याने दोन्ही एकत्र पाठ केले आहे त्याची त्यात हटकून गफलत होते.

रांग आणि विषय

निरोप ठेवण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. त्यांना 'क्यू' म्हणजे रांग आणि 'टॉपिक' म्हणजे विषय अशी नावे आहेत. रांगेतील प्रत्येक निरोप कोणा एकालाच मिळतो. स्टेट बँकेच्या कचेरीत तीन खिडक्या उघड्या असल्या तरी एका ग्राहकाचे काम एकाच खिडकीवर होते, तसे हे आहे. शिष्यवृत्तीचा आदेश रांगेतच ठेवला पाहिजे, कारण तो तीन यंत्रांनी एकाच वेळी उचलला तर पैसे तीनदा जमा होतील.

विषयावर ठेवलेला निरोप मात्र तो ऐकणाऱ्या सर्वांना मिळतो. २०१६ साली २२ एप्रिल ते २१ मे या काळात उज्जैनला सिंहस्थ भरला होता. अशा मेळ्यात क्षिप्रेच्या घाटावर ध्वनिक्षेपकावरून सूचना दिल्या जातात. त्या वेळी जो घाटावर असेल त्याला सूचना ऐकू येते. जो तासाभराने येईल त्याच्यासाठी ती पुन्हा दिली जाईलच असे नाही. साधा वर्गणीदार या घाटावरच्या यात्रेकरूसारखा असतो. याउलट एखाद्या मासिकाचा वर्षाचा वर्गणीदार गावाला गेला असला तरी त्याचे अंक साठून राहतात आणि परतल्यावर त्यास मिळतात. प्रणालीतील 'ड्युरेबल सब्स्क्रायबर', म्हणजे कायम वर्गणीदार, तो हाच. त्याचे नाव कचेरीच्या वहीत नोंदलेले असल्यामुळे त्याच्या गैरहजेरीत आलेले निरोप राखून ठेवले जातात. एक बारकावा येथे ध्यानात घ्यावा. निरोप कितीही टिकाऊ म्हणून पाठविला असला, तरी त्या विषयाला हजर वा नोंदलेला एकही वर्गणीदार नसेल तर राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही, आणि तो टाकून दिला जातो. टिकाऊ निरोप आणि कायम वर्गणीदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा उमेदवार त्या एकच समजतो.

विषयांची नावे टिंबांनी जोडलेली असतात, जसे 'उज्जैन.शिष्यवृत्ती.मंजूर'. ऐकणारा सांकेतिक चिन्हे वापरू शकतो. तारका, म्हणजे *, ही नेमक्या एका शब्दाची जागा घेते. > हे चिन्ह शेवटी येते आणि पुढील एक वा अधिक शब्दांची जागा घेते. म्हणून 'उज्जैन.*.मंजूर' असे मागणाऱ्यास वरील निरोप मिळेल. 'उज्जैन.*' मागणाऱ्यास मिळणार नाही, 'उज्जैन.>' मागणाऱ्यास मिळेल. पाठविणाऱ्यास मात्र असे मोघम नाव चालत नाही, त्याने पूर्ण पत्ता लिहिला पाहिजे. रांगेच्या बाबतीत तर घेणाऱ्यासही मोघम नावाने निरोप उचलता येत नाही. तेथे ही चिन्हे रांगांच्या एका गटाला सामाईक गुणधर्म लावण्यापुरतीच उपयोगी पडतात.

पोच

आता मुख्य भागाकडे वळू. पहिला सांधा महाविद्यालय आणि कचेरी यांच्यामधील आहे. येथे निरोप पाठविण्याचे प्रकार तीन. टिकाऊ प्रकारात कचेरीने निरोप स्वीकारल्याची पोच येईपर्यंत पाठविणारा थांबतो, आणि निरोप तबकडीवर लिहून ठेवला जातो. साध्या प्रकारात तो केवळ यंत्राच्या स्मरणात राहतो. कचेरीचे यंत्र बंद पडले तर गेला. तिसरा प्रकार टिब्कोने स्वतः जोडलेला आहे, आणि त्याचे नाव 'रिलायबल' म्हणजे भरवशाचा असे असले तरी त्यात पाठविणारा कचेरीच्या पोचेची वाटच पाहत नाही. वेग अधिक मिळतो, हमी कमी. नावावरून अर्थ काढू नये याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

टिकाऊ प्रकारातही एक खोच आहे. तबकडीवर लिहावयास सांगणे आणि लिहून पुरे होणे यांत क्षणाचे अंतर असते. त्या क्षणी वीज गेली तर? म्हणून लेखन प्रत्यक्ष पुरे झाल्यावाचून पोच द्यावयाची नाही, असा कडक पर्याय प्रणालीत ठेवलेला असतो. 'फेलसेफ' हा शब्द प्रश्नात दिसला की हे अंतर आठवावे. शेअरबाजारातील क्षणाक्षणाच्या भावाला इतकी कडक रीत लावणे व्यर्थ आहे, कारण पुढील क्षणी नवा भाव येणारच असतो. शिष्यवृत्तीच्या आदेशाला ती न लावणे हा निष्काळजीपणा होईल.

दुसरा सांधा कचेरी आणि बँक यांच्यामधील. बँकेच्या आज्ञावलीने आदेश उचलला, परंतु पोच देईपर्यंत कचेरी तो आपल्या वहीतून खोडत नाही. ही पोच देण्याच्या रीती पुढीलप्रमाणे आहेत. स्वयंचलित रीतीत निरोप हाती आल्यावर पोच आपोआप जाते. 'डप्स ओके' या रीतीत ती सवडीने जाते, आणि मध्यंतरी काही बिघडले तर तोच निरोप दुसऱ्यांदा आला तरी चालेल असे घेणाऱ्याने आधीच कबूल केलेले असते. 'क्लायंट अक्नॉलेज' या रीतीत घेणारी आज्ञावली स्वतः पोच देते. येथे परीक्षकाचा आवडता सापळा आहे. या रीतीत सातव्या निरोपाची पोच दिली की त्या सत्रात तोवर घेतलेल्या सातही निरोपांची पोच दिली असे समजले जाते, मग मधल्या चौथ्याचे काम अपुरे राहिले असले तरी! प्रत्येक निरोपाची पोच स्वतंत्रपणे देण्याची सोय टिब्कोने 'एक्स्प्लिसिट क्लायंट अक्नॉलेज' या नावाने निराळी जोडली आहे. याखेरीज पोच मुळीच न देण्याचीही एक रीत टिब्कोने जोडली आहे. निरोप धाडला की कचेरीने हात झटकावेत, असा तिचा आशय.

मग बँकेने पोच केव्हा द्यावी? खात्यात पैसे जमा करण्यापूर्वी दिली आणि मध्येच यंत्र बंद पडले, तर कचेरीने आदेश खोडलेला असतो आणि पैसेही जमा झालेले नसतात. मुलीची शिष्यवृत्ती बुडाली. पैसे जमा करून नंतर पोच द्यावी म्हटले, आणि जमा झाल्यावर पण पोच जाण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर कचेरी आदेश पुन्हा धाडते. शिष्यवृत्ती दोनदा जमा झाली. पुढे लेखापरीक्षणात ती उघडकीस येते, वसुलीची नोटीस निघते, आणि ज्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही तिला कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात. दोन्ही मार्गांत अपघाताची जागा आहे. ती हलविता येते, पण पोचेच्या क्रमाने नाहीशी करता येत नाही.

यावर उपाय आहे, परंतु तो टपालकचेरीत नव्हे, घेणाऱ्याच्या वहीत. प्रत्येक आदेशास त्याचा स्वतःचा क्रमांक असावा, आणि पैसे जमा करताना तो क्रमांक त्याच नोंदीबरोबर लिहिला जावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर बँकेने पैसे जमा न करता केवळ पोच द्यावी. जुना कारकून पैवस्ती पत्रावरच लिही, वेगळ्या चिठोऱ्यावर नव्हे, यातील शहाणपण येथे कळते. कचेरी पुन्हा धाडलेल्या निरोपावर 'पुनःप्रेषित' अशी खूण करते हे खरे. पण त्या खुणेचा अर्थ हा निरोप पूर्वी दिला गेला असण्याचा संभव आहे एवढाच होतो. पूर्वीचे काम पुरे झाले की नाही ते ती सांगत नाही. खूण पाहून निरोप टाकून देणारी आज्ञावली लिहिणे ही मोठी चूक होय, आणि पर्यायी उत्तरांत ती बहुधा अत्यंत शहाणपणाच्या भाषेत मांडलेली असते.

एकाहून अधिक निरोप घेणे आणि पाठविणे हे सर्व मिळून एकच व्यवहार मानण्याची सोयही आहे. सगळे झाले तर झाले, नाही तर काहीच नाही. मात्र हा करार आज्ञावली आणि कचेरी यांच्यापुरता असतो. बँकेची खतावणी त्यात आपोआप सामील होत नाही. तिला सामील करून घेण्याची वितरित व्यवहाराची पद्धत निराळी आहे आणि ती खर्चिक पडते.

मुदत, घड्याळ आणि बेवारशी निरोप

भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून जाणारे मानीत. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात तेथे उभारलेल्या वेधशाळेची यंत्रे आजही पाहावयास मिळतात. एका ठिकाणची वेळ सर्वांनी प्रमाण मानावी ही गरज संगणकांनाही आहे. निरोपाला मुदत देता येते. ती हजारांश सेकंदांत मोजतात, आणि शून्य म्हणजे मुदतच नाही. शून्य म्हणजे तत्काळ बाद, असे समजून अनेकांचे गुण जातात. मुदत संपण्याचा क्षण ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत मांडला जातो. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसली तर ताजा निरोपही शिळा ठरण्याचा धोका असतो.

मुदत संपलेला निरोप सामान्यतः नष्ट होतो. जो निरोप पुन्हा पुन्हा धाडूनही स्वीकारला जात नाही, त्याच्यासाठी फेऱ्यांची कमाल संख्या ठरविता येते. ती ओलांडली की त्याचीही तीच गत होते. टपालखात्यात पत्ता न सापडलेल्या पत्रांसाठी स्वतंत्र कचेरी असे. ई. एम. एस. मध्ये तशी 'अनडिलिव्हर्ड' नावाची रांग आहे. परंतु निरोप तेथे आपोआप जात नाही. तो राखून ठेवावा अशी खूण पाठविणाऱ्याने निरोपावर आधीच केलेली असावी लागते. ही रांग रोज तपासणारा माणूस नेमलेला नसेल तर ती असून नसून सारखीच.

उरलेल्या भागांचा उल्लेख थोडक्यात करता येईल. गाळणीच्या अटी निरोपाच्या शीर्षावर आणि गुणधर्मांवर चालतात, पोटातील मजकुरावर नाही. दोन जागांमध्ये पूल बांधता येतो. पण पहिलीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर असे दोन पूल असले तरी पहिलीचा निरोप तिसरीवर जात नाही. उत्तर कोठे द्यावे आणि ते कोणत्या निरोपाचे उत्तर आहे, यासाठी शीर्षात दोन जागा आहेत. पुण्याच्या उत्तरात उज्जैनच्या पत्राची तारीख लिहीत, तिचेच हे रूप. एक कचेरी बंद पडल्यास दुसरीने तीच वही उघडून काम पुढे चालविण्याची जोडव्यवस्था, कचेऱ्यांमधील मार्ग, वापरणाऱ्यांचे अधिकार आणि गुप्तता, हे भाग कंपनीच्या पुस्तिकांतून वाचावेत. ते समजण्यास कठीण नाहीत, परंतु त्यांत नावे पुष्कळ आहेत.

अभ्यासाची रीत

परीक्षा इंग्रजीत असते. मराठी वा हिंदी माध्यमातून आलेला उमेदवार यामुळे बुजतो आणि व्याख्या शब्दशः पाठ करू लागतो. त्याऐवजी प्रत्येक संकल्पना प्रथम आपल्या भाषेत, आपल्या गावच्या उदाहरणाने लिहून काढावी आणि समोर इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी टिपावी. शिक्षकांनी या कामी मदत केल्यास पुष्कळ भय कमी होईल. प्रश्न वाचताना निरोप टिकाऊ आहे की नाही, जागा रांग आहे की विषय, वर्गणीदार कायम आहे की साधा, आणि पोच कोणत्या रीतीची, या चार गोष्टी कागदावर मांडाव्यात. बहुतेक उत्तरे या मांडणीतूनच निघतात. परीक्षेची आवृत्ती, शुल्क आणि अभ्यासक्रम बदलत असतात. पैसे भरण्यापूर्वी कंपनीचे चालू परिपत्रक पाहावे. जुन्या आवृत्तीची पुस्तके स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत.

बाजारात 'हमखास प्रश्न' या नावाने तयार प्रश्नोत्तरे विकली जातात. त्यांत चुकीची उत्तरे असतात हा दोष लहान आहे. खऱ्या परीक्षेतील फोडलेले प्रश्न वापरणे हा परीक्षेच्या कराराचा भंग असून त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय नोकरीत पहिल्याच आठवड्यात पोच हरवते, तेव्हा तेथे चार पर्याय छापलेले नसतात.

प्रात्यक्षिकास पर्याय नाही. ई. एम. एस. ची विनामूल्य मर्यादित आवृत्ती निघालेली आहे. तीही जमली नाही तर अपाचे ॲक्टिव्ह एम. क्यू. ही खुली प्रणाली घ्यावी, सामाईक नियमावलीचा भाग तिच्यावर नीट अभ्यासता येतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील दोन साधे संगणक यास पुरतात. एकावर कचेरी ठेवावी आणि दुसऱ्यावर बँक. बँकेची आज्ञावली शक्य तितकी लहान असावी. तिने आदेश घ्यावा, खात्याच्या फाइलमध्ये रक्कम मिळवावी, तीस सेकंद थांबावे आणि मग स्वतः पोच द्यावी. प्रथम आदेश-क्रमांक तपासण्याची सोय तीत ठेवू नये. विद्यार्थिनीच्या नावे एक टिकाऊ आदेश पाठवावा. रक्कम जमा झाल्याचे पडद्यावर दिसताच, तीस सेकंद पुरे होण्याच्या आत, बँकेच्या संगणकाची वीज बंद करावी. यंत्र पुन्हा सुरू करून आज्ञावली चालवावी, आलेल्या निरोपावर पुनःप्रेषित ही खूण आहे का ते पाहावे आणि या वेळी पोच जाऊ द्यावी. त्यानंतर आज्ञावलीत क्रमांकाची तपासणी घालून, खाते कोरे करून, सर्व प्रयोग नव्या आदेशाने पहिल्यापासून करावा. दोन्ही वेळा शेवटी फाइल उघडून खात्यात १,२०० रुपये आहेत की २,४००, हे वहीत लिहून ठेवावे.